परमा, पावित्र्य आणि करड्या रंगाचे पाकीट

अँटिबायोटिक औषधांना जंतू दाद देईनासे झाले की वर्तमानपत्रात एक ठरलेला लेख येतो. लेखक बहुधा मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर. लोक अर्धवट कोर्स करतात, मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेतात, आपल्याकडे जागृती नाही, असे तो सांगतो. यातले 'लोक' म्हणजे कोण, हे लिहिलेले नसते, पण वाचणाऱ्याला कळते. झोपडपट्टीतले, नाक्यावरचे, गावकुसाबाहेरचे. आणि विषय लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराचा असेल तर दुसरा एक आरोप आपोआप चिकटतो: वागणूक चांगली असती तर ही वेळ आलीच नसती.

हे दोन्ही आरोप आम्हाला मान्य नाहीत. परमा नावाचा जुना आजार आज औषधांच्या हातून निसटत चालला आहे, त्याला जबाबदार कोण आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब आम्ही इथे मांडतो आहोत. "आरक्षण, शिष्यवृत्ती, खासगीकरण सोडून हे काय घाणेरडे विषय काढता?" असे विचारणारे आमच्यातही आहेत. त्यांनाही उत्तर देऊ, पण आधी जंतूचे काय ते समजून घेऊ. त्याशिवाय भांडता येणार नाही.

परमा म्हणजे डॉक्टरी भाषेतला गोनोरिया. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'गर्मी-परमा' अशी जोडी असायची. गर्मी म्हणजे सिफिलिस. परम्याचा जंतू १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने शोधला, म्हणून त्या कुळाला नायसेरिया म्हणतात. १९३०च्या दशकाच्या शेवटी सल्फा औषधे आली आणि परमा गोळीने बरा होऊ लागला. पाच-सात वर्षांत, १९४०च्या दशकाच्या मध्याला, सल्फा निकामी व्हायला लागले. मग पेनिसिलिन आले. सुरुवातीला थोडेसे पुरत होते, पुढे तीस वर्षे डोस वाढवत न्यावा लागला. १९७६ मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारा पदार्थ स्वतःच तयार करणारे परम्याचे जंतू सापडले. त्यामागून टेट्रासायक्लिन गेले. सिप्रोफ्लॉक्सासिन आले, तेही गेले. अमेरिकेने २००७ मध्ये परम्यासाठी ते बंद केले. आपल्याकडे तर परम्याचे बहुतेक जंतू सिप्रोला कधीच जुमानेनासे झाले आहेत. सेफिक्झिम ही गोळी अमेरिकेने २०१२ मध्ये पहिल्या पसंतीच्या यादीतून काढली. आता उरले आहे ते मुख्यतः सेफ्ट्रिआक्झोनचे इंजेक्शन. त्याचाही डोस वाढतो आहे: ब्रिटनने २०१९ पासून एक ग्रॅम केला, अमेरिकेने २०२० मध्ये अर्धा ग्रॅम. २००९ मध्ये जपानच्या क्योटो शहरात सेफ्ट्रिआक्झोनलाही न जुमानणारा जंतू एका रुग्णात सापडला होता. जागतिक आरोग्य संघटना बारा देशांतल्या परम्याच्या जंतूंवर लक्ष ठेवते. तिथे सेफ्ट्रिआक्झोनला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण २०२२ मधल्या ०.८ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर गेले. कंबोडिया आणि व्हिएतनाम यात पुढे आहेत. भारतात असा जंतू अजून दुर्मीळ आहे. म्हणजे अजून वेळ आहे, आणि म्हणूनच हा लेख आज लिहितो आहोत.

हा काही मूठभर लोकांचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात परम्याच्या सुमारे ८ कोटी २० लाख नव्या लागणी झाल्या. एवढी माणसे एकदम 'वाया गेली' असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी खुशाल म्हणावे.

हा जंतू औषधाला न जुमानायला शिकतो तरी कुठे? संस्कारवाल्यांना वाटते, कुंटणखान्यात. खरे उत्तर बरेचसे घशात आहे. परम्याचा जंतू घशातही राहतो आणि तिथे बहुतेकदा काहीही त्रास देत नाही. त्याच घशात त्याचे चुलतभाऊ, म्हणजे नायसेरिया कुळातलेच पण निरुपद्रवी जंतू, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घशात मुक्कामाला असतात. सर्दी झाली, घसा धरला की लोक ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी घेतात. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर त्या गोळीचा काडीचा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो घशातल्या या निरुपद्रवी जंतूंवर. त्यातले कमजोर मरतात, औषधाला सरावलेले उरतात. आणि परम्याच्या जंतूची खोड अशी की तो शेजाऱ्याच्या जनुकांचे तुकडे उचलून आपल्यात जोडून घेतो. सेफिक्झिम-सेफ्ट्रिआक्झोनला आणि ॲझिथ्रोमायसिनला तोंड देण्याची त्याची बरीचशी शिदोरी अशी चुलतभावांकडून उचललेली आहे, हे त्याच्या जनुकांच्या तपासणीतून सिद्ध झाले आहे.

आता सांगा, करोनाच्या काळात ॲझिथ्रोमायसिनचे डबे कोणी रिकामे केले? फक्त वस्तीने? वातानुकूलित टॉवरमधल्या, फॅमिली डॉक्टरला फोन लावून गोळ्या मागवणाऱ्या, आयुष्यात कधी 'तसल्या' ठिकाणी न गेलेल्या सोज्वळ माणसाच्या घशानेही परम्याला न जुमानण्याचे धडे दिले आहेत. हैदराबादजवळच्या पटणचेरूमध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किती आहे, हे २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजले. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असते त्याहूनही जास्त निघाले. त्या कारखान्यांच्या मालकांना 'जागृती नाही' असे कोणी म्हटल्याचे आम्ही वाचले नाही. कोंबड्यांच्या खाद्यातले प्रतिजैविक, खासगी रुग्णालयांतली महागडी इंजेक्शने, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलेल्या भेटी, हे सगळे एका बाजूला. आणि दोषाचे बोट मात्र कामाठीपुरा, बुधवार पेठ आणि गंगाजमुनाकडे.

हे बोट नवीन नाही. इंग्रजांनी १८६८ मध्ये या देशात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सैनिकांना गर्मी-परमा होतो म्हणून बाईची नोंदणी करायची, ठरावीक दिवशी तिची तपासणी करायची आणि रोग दिसला तर तिला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचे. सक्ती सगळी बाईवर, तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकावर नाही. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पण रोग म्हणजे बाई, आणि बाई म्हणजे त्यातही खालची बाई, ही समजूत कोणी रद्द केली नाही. इंग्रजांना तरी ती नव्याने शिकावी लागली असेल, इथल्या ब्राह्मणी व्यवस्थेला तिची सवय होतीच. कोण शुद्ध आणि कोण विटाळलेला, हे जन्मावर ठरवणाऱ्यांना जंतूच्या नावाने तीच यादी पुन्हा वाचायला किती वेळ लागणार?

देवाच्या नावाने कोणाच्या मुली सोडल्या गेल्या? जोगतीण, मुरळी कोणाच्या घरातून झाल्या? कोणत्या जातीच्या मुलीच्या गळ्यात मोती बांधले गेले, हे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात कोणालाही विचारा. आधी धर्माने बाईला सगळ्यांची केले, मग तिच्या अंगावरचा रोग तिच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून दाखवला. ही चोरी दुहेरी आहे.

आता दवाखान्यात जाऊ.

सरकारी रुग्णालयात लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमातून रंगीत पाकिटे येतात. लघवीच्या जागेतून पू जातो, गर्भाशयाच्या तोंडातून स्राव येतो, तर करडे पाकीट: एक ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्झिम, एकाच वेळी गिळायचे. योनीतून स्राव जातो, तर हिरवे. जखम आहे, तर पांढरे. पेनिसिलिन चालत नसेल तर निळे. पाण्याचे फोड असतील तर लाल. बाईचे ओटीपोट दुखते, तर पिवळे. जांघेत गाठ आली तर काळे. रोग्याने लक्षण सांगायचे, तक्त्यात बोट फिरवायचे, रंग ठरवायचा, पाकीट द्यायचे. कोणता जंतू आहे, त्याला हे औषध लागू पडते का, हे पाहायचे काम नाही.

ही पद्धत मुळात वाईट हेतूने आली असे आम्ही म्हणत नाही. जिथे प्रयोगशाळा नाही, जिथे माणूस एक दिवसाचा रोज बुडवून आला आहे आणि रिपोर्ट घ्यायला दुसऱ्यांदा येऊ शकत नाही, तिथे आज समोर आहे तोवर औषध देऊन मोकळे करणे यात शहाणपण होते. एड्सच्या साथीत या पाकिटांनी पुष्कळ माणसे वाचवली. आमचा आक्षेप वेगळा आहे. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही पद्धत गरिबांसाठी कायमची करून टाकली आहे. तीस वर्षांत चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला तालुक्याच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी पाहणे जमू नये? पुरुषाच्या पुवाची काचपट्टी रंगवून पाहिली तर पांढऱ्या पेशींत जोडीजोडीने बसलेले परम्याचे जंतू दिसतात, हे शंभर वर्षांपूर्वीचे तंत्र आहे. त्याला लागते एक तंत्रज्ञ, थोडा रंग आणि थोडी इच्छा. पैसेवाला माणूस खासगी लॅबमध्ये जनुकीय चाचणी करून घेतो, जंतूचे नाव कळते, त्याच जंतूचे औषध घेतो. आमच्या माणसाला रंग मिळतो.

आणि बाईच्या बाबतीत हा तक्ता जवळजवळ आंधळा आहे. पुरुषाला परमा झाला तर बहुधा जळजळ होते, पू येतो, त्याला कळते. बाईला पुष्कळदा काहीच होत नाही. 'अंगावरून पांढरे जाते' असे सांगत येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना परमा नसतोच, स्राव दुसऱ्याच कारणाने असतो. म्हणजे तक्ता दोन्हीकडून चुकतो. जिला परमा नाही तिच्या पोटात विनाकारण अँटिबायोटिक जाते, आणि जिला आहे ती लक्षण नाही म्हणून घरी राहते. घरी राहते म्हणजे जंतू वर सरकतो, गर्भनलिका सुजतात, चिकटतात. पुढे दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीतच वाढून जिवावर बेततो. बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना लागण झाली आणि उपचार झाला नाही तर बाळ आंधळे होऊ शकते. वांझ म्हणून जिला सासरहून हाकलून दिले, तिच्या नवऱ्याला कोणी कधी तपासले होते का?

बीड जिल्ह्याचे प्रकरण आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, सरकारने समिती नेमली. तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना कर्करोगाची भीती घालून पिशवी काढली, अशा तक्रारी होत्या. त्या प्रत्येकीला परमाच होता असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या तक्रारीवर आधी तपासणी आणि मग कदाचित काही रुपयांची गोळी पुरली असती, तिच्यासाठी हजारो रुपयांचे कर्ज आणि एक अवयव गेला, ही शंका तरी विचारायला नको का? त्या फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळी आली म्हणून खाडा केला तर दंड. दलित, भटके, बंजारा, वंजारी, सगळ्या कष्टकरी जातींच्या बाया तिथे आहेत. त्यांच्या आजाराला आजार म्हणून नाव मिळण्याआधीच ऑपरेशन थिएटरचा दरवाजा उघडला जातो.

एड्स कार्यक्रमाच्या कागदांत एक शब्द आहे: 'सेतू लोकसंख्या'. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर म्हणजे हा सेतू. कसला सेतू? 'जोखमीचे गट' आणि 'सर्वसाधारण समाज' यांच्यामधला. शब्द नीट ऐका. धंद्यातली बाई, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष हे एका काठावर, सभ्य समाज दुसऱ्या काठावर, आणि आमचा मजूर म्हणजे रोग पलीकडून अलीकडे आणणारा पूल. पूल तपासायचा तो अलीकडचा काठ वाचवण्यासाठी. पुलाला स्वतःची तब्येत असते, त्याची बायको गावाकडे असते, तीही कोणत्याच यादीत नसते, हे त्या शब्दात कुठेच बसत नाही. स्पर्शाची भीती सरकारी भाषेत लिहिली की अशी दिसते.

मग माणूस सरकारी दवाखान्यात जात नाही. का जाईल? केसपेपरच्या खिडकीवर रांगेसमोर मोठ्याने 'काय होतंय?' विचारतात. सुरक्षा क्लिनिकची पाटी कुठल्या कोपऱ्यात आहे हे शिपायाला विचारावे लागते आणि तो हसतो. लग्न न झालेली मुलगी असेल तर तिच्यावर डॉक्टरच्या आधी नर्सचे प्रवचन. त्यापेक्षा लोकल रेल्वेच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोग खात्रीशीर इलाज'ची जाहिरात बरी वाटते, कारण ती निदान हसत नाही. तिथे हजारो रुपये जातात. नाहीतर मेडिकल. सेफिक्झिम २०१४ पासून एच-वन या यादीत आहे: चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, आणि विकताना रोग्याचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे. ही वही किती दुकानांत उघडलेली दिसते ते तुम्ही आपल्या गल्लीत जाऊन पाहा. दोन गोळ्या, पैसे असतील तर चार. पू थांबला की बरे वाटले. जंतू गेला की दबला, कोणाला ठाऊक? जोडीदाराला काही सांगितलेले नसते, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत लागण परत. पुन्हा दोन गोळ्या.

अर्धवट कोर्सचा आरोप करणाऱ्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना आम्ही एवढेच विचारतो: करडे पाकीट तर एका घोटाचे आहे. त्यात अर्धवट सोडायला कोर्स कुठे आहे? जे अर्धवट आहे ते तुमचे निदान, तुमची जोडीदारापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था आणि तुमची प्रयोगशाळा. कोणत्याही औषधाला परम्याचे पाच टक्के जंतू जुमानेनासे झाले की ते औषध बदलावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे पाच टक्के झाले की नाही हे कळायला जंतू वाढवून पाहावा लागतो. परम्याचा जंतू नाजूक, त्याला रक्त घातलेले खास माध्यम लागते, कार्बन डायऑक्साइड लागतो, नमुना तासाभराच्या प्रवासातही मरू शकतो. असे काम देशात मोजक्या केंद्रांवर होते. मराठवाड्याच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाचा नमुना तिथपर्यंत किती वेळा पोहोचत असेल? म्हणजे जिथे औषध निकामी होण्याची शक्यता जास्त, तिथलीच मोजणी नाही. सरकारने २०१७ मध्ये प्रतिजैविकांबाबत राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्याआधी २०१६ मध्ये लाल रेघेची मोहीम काढली. गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चिठ्ठी लिहिणारा माणूस वस्तीत कधी येणार, हे त्या रेघेवर लिहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र अजून हातात आहे. गर्मीवर, म्हणजे सिफिलिसवर, पेनिसिलिन आजही चालते. ऐंशी वर्षे झाली तरी त्या जंतूला पेनिसिलिनची तोड सापडलेली नाही. जिथे ॲझिथ्रोमायसिनवर भिस्त ठेवली तिथे मात्र सिफिलिसनेही तोंड फिरवले आहे. मग बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन सगळीकडे भरपूर असायला हवे ना? गेल्या दशकात जगभर त्याचा तुटवडा पडला, कारण ते स्वस्त आहे आणि त्यात कंपन्यांना नफा नाही. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच पेनिसिलिनसाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याला हात दिला होता. कामगारांची मोठी वसाहत होती, आमच्यातल्याही कितीतरी घरांची पहिली पगारी नोकरी तिथली. नव्वदच्या दशकात तो कारखाना आजारी पडला आणि पेनिसिलिनचा कच्चा माल चीनहून येऊ लागला. सार्वजनिक क्षेत्र मोडले की फक्त आरक्षणाच्या जागा जातात असे आम्ही भाषणांत सांगतो. औषधही जाते, हे सांगायचे राहते. खासगीकरण सोडून परम्यावर का बोलता, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हे आहे.

आता आपल्या घरातले.

चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला वैद्यकीय शिबिरे लागतात. साखर तपासतात, रक्तदाब तपासतात, चष्मे वाटतात. लैंगिक आजारावर एखादे टेबल पाहिले आहे? १४ एप्रिलच्या व्याख्यानमालांत संविधानावर बोलतो, धम्मावर बोलतो, अर्थकारणावर बोलतो. या विषयाचे नाव काढले की कार्यकर्ते म्हणतात, बायका बसल्या आहेत. बायका बसल्या आहेत म्हणूनच तर बोलायचे! या संकोचामागचे दुःख आम्हाला कळते. सवर्णांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांच्या चारित्र्याविषयी वाटेल ते बोलून घेतले. म्हणून आपल्याकडे इज्जतीची भिंत उंच बांधली गेली. पण त्या भिंतीच्या आत आपलीच पोरगी दुखणे अंगावर काढते आहे.

कोणी बाबासाहेबांचे १९३६ चे भाषण पुढे करतात. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासींच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितले की हा लाजिरवाणा धंदा सोडा आणि आमच्याबरोबर या. हे खरे आहे. पण ते सभेला गेले होते, हेही खरे आहे. त्या बायकांच्या समोर उभे राहून, त्यांना माणूस समजून, त्यांच्याशी बोलले. त्या भाषणाचा आधार घेऊन आज धंद्यातल्या बाईला दवाखान्याच्या दारातून परत पाठवणाऱ्यांनी बाबासाहेबांचे नाव घेऊ नये. बाईने धंदा सोडावा की नाही हा वाद आपण करू, सांगलीत 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' काढून स्वतःचे हक्क स्वतः मागणाऱ्या बायकांशी समोरासमोर बसून करू. तोवर तिचा परमा बरा व्हायला थांबणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये सांगितले की धंद्यातल्या बाईलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे.

आणि ज्यांना बाबासाहेबांच्या नावाने गप्प बसायचे आहे त्यांनी १९३४ सालही वाचावे. र. धों. कर्वे तेव्हा 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. लैंगिक प्रश्नांवर वाचकांच्या शंकांना उत्तरे देत, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे उघड लिहीत. सनातन्यांनी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. कोर्टात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना शंका असतील तर त्या विचारल्या जाणार, आणि विकृती म्हणता ती असलीच तर ज्ञानानेच जाईल, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. गोलमेज परिषदांहून परतलेला, अस्पृश्यांच्या सगळ्या राजकारणाचा भार खांद्यावर असलेला माणूस या 'घाणेरड्या' विषयासाठी कोर्टात उभा राहतो. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांच्याच वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही नामंजूर झाला. बाबासाहेबांना वेळ होता, आणि आपल्याला नाही?

काय मागायचे ते साधे आहे. करोनात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे आली, क्षयासाठी जीनएक्स्पर्ट यंत्रे आधीच आली आहेत. त्याच जीनएक्स्पर्टवर परमा आणि क्लॅमिडियाची चाचणी होते, फक्त त्यासाठीचे कार्ट्रिज वेगळे विकत घ्यावे लागते. यंत्र आहे, पैसा कार्ट्रिजला नाही. या चाचणीने परमा आहे की नाही कळेल, कोणते औषध चालेल ते पूर्ण कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात परम्याचा जंतू वाढवून पाहण्याची सोय हवी आणि आकडे दरवर्षी जाहीर व्हायला हवेत. जोडीदाराचे औषध त्याचे नाव न विचारता सोबत द्यायला हवे. निरोध मागताना पोराला कोणी आडनाव विचारू नये. किशोरवयीनांसाठी असलेली 'मैत्री' क्लिनिके कागदावरून खोलीत यायला हवीत. गेली काही वर्षे परम्यावर नवी औषधे तयार होत आहेत. झोलिफ्लोडासिनच्या मोठ्या चाचणीचे चांगले निकाल २०२३ मध्ये आले. ते औषध आपल्याकडे येईल तेव्हा ते आधी कोणत्या दवाखान्यात येणार, हे आत्ताच विचारून ठेवले पाहिजे.

म्हणून तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की या महिन्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे आणि एक आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे टाका. प्रश्न असे घाला: गेल्या तीन वर्षांत सुरक्षा क्लिनिकमध्ये कोणत्या रंगाची किती पाकिटे दिली. किती रुग्णांची काचपट्टी किंवा दुसरी कोणती तपासणी झाली. किती जोडीदारांना औषध मिळाले. किती नमुने जंतू वाढवून पाहण्यासाठी बाहेर पाठवले, कुठे पाठवले आणि त्यांचा निकाल काय आला. करडे पाकीट आणि बेंझाथिन पेनिसिलिन किती दिवस संपलेले होते. क्लिनिकमध्ये स्त्री डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतात. रुग्णाशी बोलायला दार लावता येईल अशी खोली आहे का. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस आहेत. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. जिल्हावार तक्ता करून इथेच लावू, आणि ज्या जिल्ह्यातून उत्तर आले नाही त्या जिल्ह्याचे नाव सगळ्यात वर ठेवू.